सहा आठवडे चिमट्याविना

चष्म्याच्या दुकानात ताईचं काम दीड हातावरून चालतं. गिऱ्हाईक एका स्टुलावर, ताई समोरच्या स्टुलावर. ती एक छोटी पट्टी त्याच्या नाकावर आडवी धरते आणि म्हणते, माझ्या डाव्या डोळ्याकडे बघा, आता उजव्या. दोन बाहुल्यांमधलं अंतर मोजते. मग नमुन्याच्या काचेवर, बाहुलीच्या बरोबर समोर, काळ्या मार्करने एक ठिपका देते. तो ठिपका पाहूनच आतल्या खोलीतला कारागीर काच घासायला घेतो. ठिपका केसभर सरकला तरी माणसाचं डोकं दुखतं, जिना उतरताना पाय चुकतो. तेवीस वर्षांत ताईचा ठिपका सरकलेला नाही. ठिपक्याशिवाय काच आत पाठवणारा माणूस दुसऱ्या दिवशी कामावर येत नाही, असं मालक नव्या पोरांना सांगतात. ते खोटं आहे, पण सगळे घाबरतात.

चार दिवसांनी गिऱ्हाईक परत येतं. ताई काड्यांची टोकं गरम हवेवर धरून कानामागे बसतील अशी वाकवते. चष्मा त्याच्या डोळ्यांवर चढवते आणि हात मागे घेते. कित्येक महिन्यांनी त्या माणसाला काहीतरी लख्ख दिसतं. ते काहीतरी म्हणजे ताईचा चेहरा.

लोक हसतात, आभार मानतात. ताई मात्र लगेच मान खाली घालते. चाळिशी उलटून तीन वर्षं झाली तरी घालते.

कारण एकोणिसाव्या वर्षापासून तिच्या हनुवटीवर केस येतात. लव नाही. केस. काळे, जाड, दाढीचे असतात तसे. पहिला केस आईने पाहिला. दुसऱ्या दिवशी तिने बाजारातून एक चिमटा आणून हातावर ठेवला. कुणाला कळू देऊ नकोस, एवढंच म्हणाली. ताईने ते वाक्य शब्दशः पाळलं. लग्न झालं, मुलगा झाला, तो मोठा होऊन वसतिगृहात गेला. कानोकान खबर नाही.

त्यासाठी तिने घराला एक शिस्त लावली होती. पहाटे साडेपाच ते पावणेसहा न्हाणीघर तिचं. त्या वेळी दारावर कुणी टकटक करायची नाही. मुलगा चालायला लागला तेव्हापासून त्याला हे माहीत होतं. अडलं तर तो खालच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे धावायचा. ती कडी लावायची, नळ सोडायची, दिव्याजवळ आरसा धरायची आणि एकेक केस उपटायची. हनुवटीचा केस उपटला की डोळ्यांना पाणी येतं. ओठाच्या कडेचा उपटला की नाकही वाहतं. पावणेसहाला ती बाहेर येई तेव्हा डोळे लाल, नाक लाल. तोंडावर गार पाणी मारलं की दहा मिनिटांत उतरतं, असा तिचा हिशेब.

बाहेर ओट्यावर चहा तयार असे. नवरा लिफ्ट दुरुस्त करण्याच्या कामावर. सहाला निघायचा. चहाचा कप झाकून तिच्या बाजूला सरकवायचा आणि खिडकीबाहेर बघत बसायचा. सकाळी त्याला बोलायला आवडत नाही, असं ती धरून चालली होती.

हे असंच चाललं असतं. पण गेल्या वर्षी ताईची जवळची नजर गेली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. दिवसाला दहा जणांना वाचायचा चष्मा देणारी बाई स्वतःची औषधाची बाटली हात लांब करून वाचायची, पण कबूल करायची नाही.

तिला जागं केलं ते सहा वर्षांच्या एका पोरीने. लाल फ्रेमचा पहिलाच चष्मा होता. डोळ्यांवर चढताच ती ताईकडे टक लावून बघत राहिली आणि म्हणाली, "मावशी, तुला इथं दोरा चिकटलाय." आणि मदत म्हणून दोन बोटांनी तो ओढायला लागली. दोरा निघेना. पोरीच्या आईने तिचा हात झटकन मागे घेतला. ताईने हसून काड्या पुन्हा तपासल्या. त्या आधीच बरोबर बसल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिने दुकानातून आणलेला वाचायचा चष्मा लावून आरशात पाहिलं. सात केस राहिले होते. किती दिवस राहत होते कोण जाणे. आणि त्यातले दोन पांढरे होते.

त्या आठवड्यात ती त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. एकटीच. सांगताना तिने टेबलावरच्या पेनस्टँडकडे बघून सांगितलं. डॉक्टरीणबाई वयाने लहान होत्या, पण त्यांनी घाई केली नाही. रक्त तपासायला लावलं, पाळीचं विचारलं, चालू गोळ्यांचं विचारलं. मग लेझरचं समजावलं. तो उजेड केसाच्या काळेपणाला धरतो आणि त्याच्या वाटेने मुळाशी जाऊन ते भाजतो. म्हणून मूळ जागेवर हवं. तुम्ही रोज मूळच उपटून टाकता, मग उजेडाने धरायचं काय? पहिल्या बैठकीआधी सहा आठवडे चिमटा नाही, दोरा नाही, वॅक्स नाही. फक्त वस्तरा. उन्हात तोंड झाकायचं. आदल्या संध्याकाळी दाढी करून यायचं. मग पाच-पाच आठवड्यांनी आठ बैठका. सगळे जातील असं वचन नाही. बरेच जातील, उरतील ते बारीक होतील. मधूनमधून पुन्हा यावं लागेल.

ताईने विचारलं, पांढऱ्यांचं काय?

पांढरा झालेला केस या उजेडाला दिसतच नाही, त्या म्हणाल्या. तो मग कायम चिमट्याचाच.

म्हणजे वेळ थोडा होता. काळे आहेत तोवरच.

वाटेत तिने वस्तरा घेतला. घरापासून चार थांबे लांबच्या दुकानात. दुकानदाराने काही विचारलं नव्हतं, तरी तिने सांगून टाकलं, "भावासाठी हवाय." दुकानदार कामाला चोख. भावाची दाढी राठ आहे का मऊ, असं त्याने विचारलं. ताईला भाऊ नाही. थोडा विचार करून ती म्हणाली, "मध्यम."

पहिल्या दिवशी वस्तरा धरताना तिचा हात कापला नाही, पण मन कापलं. चिमटा धरला की ती केस उपटणारी बाई होती. वस्तरा धरला की ती दाढी करणारी बाई झाली. यात फरक काय, हे तिला कुणाला समजावता आलं नसतं. आईला आलं असतं कदाचित. आई आता नव्हती.

आणि सगळं चार मिनिटांत उरकलं. उरलेली अकरा मिनिटं काय करायचं? लवकर बाहेर गेलं तर घराला चुकल्यासारखं वाटेल म्हणून ती बादली उलटी करून तिच्यावर बसून राहिली. नळ वाहत होता. एवढी वर्षं तिने त्या खोलीत कधी नुसतं बसून पाहिलं नव्हतं. तिने नळ बंद केला.

दुकानात तिने मास्क लावायला सुरुवात केली. खोकला आहे म्हणाली. दुसऱ्या आठवड्यात मालकांनी औषध सुचवलं, तिसऱ्या आठवड्यात डॉक्टर. तिने दोन्हीला मान डोलावली. दुपारपर्यंत हनुवटी खरखरीत होई आणि मास्कचं कापड तिला अडकायला लागे. गिऱ्हाईकाच्या कानामागे हात घालताना तिचं अर्धं लक्ष तिथेच असे.

पण खरी धास्ती घरात होती. नवरा तिच्याकडे बघायला लागला होता.

आधी तिला भास वाटला. मग नाही वाटला. ती न्हाणीघरातून बाहेर आली की तो खिडकी सोडून तिच्या तोंडाकडे बघायचा. चांगला बघायचा. चोराच्या मनात चांदणं, ती लगेच पाठ फिरवायची, पदराने किंवा टॉवेलने तोंड पुसत राहायची. तिसऱ्या आठवड्यात तो चहा करताना गुणगुणायला लागला. एकवीस वर्षांत हा माणूस सकाळी गुणगुणला नव्हता. एका रविवारी त्याने काम दुसऱ्याला देऊन सुट्टी घेतली आणि उगाच तिला नदीकाठी फिरायला नेलं. बाकावर बसल्यावर पुन्हा तोंडाकडे बघणं. काय बघताय, असं तिने शेवटी विचारलं. काही नाही, बरी दिसतेस, तो म्हणाला.

तिला वाटलं, चेष्टा करतोय. त्याला कळलंय आणि तो मजा बघतोय. ती घरी येईपर्यंत दोन पावलं पुढे चालली. तो मात्र गुणगुणत होता.

चौथ्या आठवड्यात मालकांना एक कल्पना सुचली. दुकानाच्या भिंतीवर सगळ्या कामकऱ्यांचे फोटो लावायचे. मोठे, चेहऱ्याचेच. शुक्रवारी सकाळी फोटोवाला येणार होता.

शुक्रवारी पहाटे ताईने वस्तरा उचलला, खाली ठेवला. दाढी केली तरी कातडीखाली निळसर सावली उरते, हे तिने चार आठवडे पाहिलं होतं. फोटोत ती दिसणार. भिंतीवर, वर्षानुवर्षं. चिमट्याने सगळं निघालं असतं. सावलीसकट. आणि सहा आठवडे पुन्हा पहिल्यापासून. तोवर आणखी किती पांढरे होतील? तिने नळ सोडला. चिमटा कप्प्यातून काढला, चष्मा लावला. एक केस उपटला. सवय सुटल्यामुळे की काय, कळ थेट डोळ्यांत गेली. दुसरा उपटला. तिसऱ्याला हात थांबला. ती बादलीवर बसली. या खेपेला डोळ्यांतलं पाणी नुसतं केसाचं नव्हतं.

बाहेर आली तेव्हा डोळे लाल, नाक लाल.

नवऱ्याने पाहिलं. त्याचा चेहरा उतरला तो असा, की तिला वाटलं कुणी गेल्याचा फोन आलाय. त्याने गॅस बंद केला आणि खुर्चीवर बसला.

"मला वाटलं, थांबलं," तो म्हणाला.

काय थांबलं, तिला कळेना.

"तुझं रडणं. महिनाभर तू रडली नव्हतीस."

मग तो सांगत गेला. खाली बघून, तुटक तुटक. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात त्याने पाहिलं होतं. ती कडी लावते, नळ सोडते, पंधरा मिनिटांनी डोळे पुसत बाहेर येते. त्याने आपल्या आईला विचारलं. नवी आहे, माहेर आठवत असेल, सरेल महिन्या-दोन महिन्यांत, आई म्हणाली. सरलं नाही. मुलगा झाल्यावर सरेल असं वाटलं. नाही सरलं. मग त्याने धरून टाकलं, की आपल्या घरात ही बाई सुखी नाही. दिवसभर हसते, सगळं करते, पण सकाळी पंधरा मिनिटं रडल्याशिवाय तिला दिवस ढकलता येत नाही. विचारायची हिंमत झाली नाही. विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं. आणि मग आपण काय करणार होतो? म्हणून तो चहा करायचा. लवकर उठून, ती बाहेर यायच्या आत. तेवढंच त्याच्या हातात होतं.

ताई उभीच होती. तिला तोंडात मारल्यासारखं झालं. एकवीस वर्षं. रोज. तो चहा ती झोपेतल्यासारखी प्यायली होती.

ती पुढे गेली. त्याचा हात धरला आणि आपल्या हनुवटीवर ठेवला. लिफ्टच्या तारा तपासणारी बोटं ती. डोळे मिटूनही त्यांना झिजलेली तार कळते. त्यांना हे लगेच कळलं. बोटं थांबली, परत फिरली, पुन्हा थांबली.

"हे?" त्याने विचारलं.

"हे."

"एवढंच?"

ताईचे डोळे पुन्हा भरले, पण आता रागाने. "एवढंच नाही," ती म्हणाली. "तुम्हाला काय माहीत हे केवढं आहे ते."

त्याने हात काढला नाही. म्हणाला, "बरं. सांग केवढं आहे."

तिने सांगितलं. आईचा चिमटा, नळ, लाल चष्म्याची पोर, दोन पांढरे, सहा आठवडे. सहा वाजून गेले, सव्वासहा झाले. कुठल्यातरी इमारतीत लोक जिने चढत असणार. शेवटी तो उठला, न्हाणीघरातून तिचा वस्तरा घेऊन आला आणि उजेडात धरून त्याचं पातं पाहिलं. हे कुणी दिलं तुला, म्हणाला. हे पातं नव्हे, खुरपं आहे. त्याने आपलं नवं पातं काढलं. कातडी कशी ताणायची, कोणत्या दिशेने ओढायचं, पाणी कोमट का हवं, हे त्याने लिफ्टचं यंत्र समजावतात तशा गंभीरपणे समजावलं. ताईने त्याच्यासमोर दाढी केली. मध्येच त्याने विचारलं, भावाला हे पातं चालेल ना? वस्तऱ्याचा किस्साही तिने त्याला सांगितला होता. तिला हसू आलं आणि थोडं कापलं.

भिंतीवरच्या फोटोत ते कापलेलं दिसतं. सावलीही दिसते, म्हणजे तिला दिसते.

सहा आठवडे पूर्ण झाले. बैठक मंगळवारी होती. सोमवारी संध्याकाळी दोघं जेवणाच्या टेबलाशी बसली. कातडीला आराम म्हणून ताईने वस्तरा तीन दिवस हाताळला नव्हता. आता दाढी करायची, की झालं. पण ऐनवेळी तिला शंका आली. दाढी झाल्यावर केस दिसणार नाहीत. मग उद्या डॉक्टरीणबाईंना कळणार कसं, कुठे उजेड टाकायचा ते? अंदाजाने? तेवीस वर्षांची सवय बोलली. ठिपक्याशिवाय काच आत पाठवत नाहीत.

नवऱ्यालाही ते पटलं. तोसुद्धा खूण केल्याशिवाय तार कापत नाही.

तिने पर्समधून दुकानातला मार्कर काढला. त्याने विजेरी धरली. ठिपके तिनेच द्यायला घेतले, पण चष्मा लावून आरशात हनुवटीखालचं दिसेना. मग मार्कर त्याने घेतला. ती सांगायची, सरळ धर, दाबू नकोस, मुळाशी दे. घाईत अहो-जाहो गळून पडलं होतं आणि कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. तो श्वास रोखून ठिपके देत होता. एकदा म्हणाला, इथं पांढरा आहे, याला देऊ? तिने क्षणभर विचार केला. नको, म्हणाली. त्याला राहू दे.

चौसष्ट ठिपके झाले. मग तिने वरून दाढी केली. केस गेले. ठिपके जागच्या जागी राहिले. तो मार्कर काचेवरून पाण्याने जात नाही, मग कातडीवरून कसला जातो. दोघांनी आरशात पाहिलं. काम चोख झालं होतं.

मंगळवारी नवरा बाहेर थांबला आणि आत डॉक्टरीणबाईंनी मास्क काढायला सांगितला. पाहिलं. परिचारिकेला हाक मारली. तिनेही पाहिलं. कुणी हसलं नाही, याचं श्रेय त्यांना दिलं पाहिजे.

मग डॉक्टरीणबाईंनी हळू आवाजात सांगितलं. हा उजेड काळ्याला धरतो. केस काळा की शाई काळी, हे त्याला कळत नाही. हे ठिपके असताना उजेड टाकला तर चौसष्ट ठिकाणी कातडी भाजेल. जागा आम्ही पांढऱ्या पेन्सिलीने आखतो, ते आमचं काम. परिचारिकेने स्पिरिटचा बोळा घेतला. चोळून चोळून शाई निघाली, पण हनुवटी टोमॅटोसारखी लाल झाली. चुरचुरत होती. या कातडीवर आज काही करता येणार नाही, त्या म्हणाल्या. शुक्रवारी या. मास्क लावू नका, हवा लागू द्या. आणि जाताना थांबून म्हणाल्या, सहा आठवडे मात्र तुम्ही अगदी नीट पाळलेत. ताईने दोन केसांचं सांगितलं नाही.

बाहेर पायऱ्यांवर दोघं बसली. उतरत्या उन्हाकडे पाठ करून, कारण ऊनही वर्ज्य होतं. येणारे-जाणारे तिच्या लाल हनुवटीकडे बघत होते. ताईने तोंड झाकलं नाही. झाकायला काही नव्हतं.

एक गोष्ट ती दोन आठवडे मनात घोळवत होती. आता तिने विचारली.

"मी कशासाठी रडत असेन, असं वाटलं होतं तुम्हाला?"

त्याने चपलेच्या टोकाने पायरीवरची वाळू बाजूला सारली.

"तुझ्या पेटीत एक अर्ज होता," तो म्हणाला. "परिचारिकेच्या शिक्षणाचा. पूर्ण भरलेला. नावाचं पान तेवढं फाटलेलं. पाठवलेला नव्हता. लग्नाच्या पहिल्या वर्षी दिसला मला."

मग त्याने उरलेलंही सांगितलं. लग्नाच्या सहाव्या वर्षी तो त्या कॉलेजात गेला होता. कामाच्या कपड्यांतच. लग्न झालेल्या बाईला घेतात का, असं विचारलं. घेतात, पण वयाची अट आहे, ती संपून दोन महिने झाले, असं खिडकीवरच्या माणसाने सांगितलं. दोन महिने. आपण दोन महिने आधी यायला हवं होतं, हे तो पंधरा वर्षं कुणाला बोलला नव्हता.

ताईला तो अर्ज आठवायला वेळ लागला. निळी शाई, वाकडं अक्षर.

"तो माझ्या बहिणीचा होता," ती म्हणाली. "तिने नवा भरला म्हणून जुना माझ्या पेटीच्या तळाशी घातला होता. साड्यांना पेटीचा गंज लागू नये म्हणून."

त्याने तिच्याकडे पाहिलं. मग तो हसायला लागला. आवाज न करता, खांदे हलवत. ताईही हसली. हसताना हनुवटी ताणून चुरचुरली, तरी हसली. मग तिने आपला हात त्याच्या गुडघ्यावर ठेवला. रस्त्यावर, दिवसाढवळ्या. तिने असं कधी केलं नव्हतं.

थोड्या वेळाने त्याने खिशातून कामाची डायरी काढली. तीत तीन रकाने असतात. इमारत, तक्रार, तारीख. शुक्रवार किती वाजता, त्याने विचारलं. तिने सांगितलं. एकटी येईन मी, असंही म्हणाली, सवयीने. तो लिहीत राहिला. मग पुढच्या सातही तारखा सांग, म्हणाला. अंदाजे तर अंदाजे.

पहिल्या रकान्यात त्याने दवाखान्याचा पत्ता लिहिला. तक्रारीच्या रकान्यापाशी पेन थांबलं. त्याने जरा विचार केला, तो रकाना मोकळा सोडला आणि विचारलं, "शुक्रवारनंतरची कोणती?"